मला वाचवू नका

परवा मालवणात, चिवल्याच्या किनाऱ्यावर, मला अंबाडा धरून समुद्रातून बाहेर काढण्यात आलं. मी बुडत नव्हते. हे मी तेव्हाही सांगितलं, घरी येऊनही सांगितलं, आता लिहूनही देते. पाणी कमरेएवढं होतं.

डिसेंबरात चिवल्याला समुद्रात पोहण्याची स्पर्धा भरते. तिच्यातल्या सगळ्यात छोट्या अंतराला उतरायचं, असं मी पन्नाशीच्या तोंडावर ठरवलंय. माहेर सातारकडचं. तिथे भाऊ पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले, मला त्याच विहिरीवर धुणं घेऊन पाठवत. आता शिकवायला वॉटर स्पोर्ट्सवाला एक मुलगा आहे. तो मला काकू म्हणतो आणि मी पाण्यात शिरले की आकाशाकडे बघतो.

माझं घोडं अडलं होतं पायांपाशी. श्वासासाठी डोकं वर काढलं की पाय दगडासारखे खाली. मुलाचं म्हणणं, हवा छातीत असते, पायांत नाही. तोंड पाण्यात घाला, श्वास पाण्यातच सोडा, पाय आपोआप वर येतील. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, ते गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं. मीठ उचलून धरत असेलही, पण आधी ते माझ्या नाकातून आरपार जायचं. दर वेळी खोकत, शेंबूड पुसत बाहेर.

परवा अष्टमी होती. सासरे सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. आठाची पाऊणपट सहा. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाचा जोर नाही. (सासऱ्यांनी हा हिशेब मला दिला तो मासळी घ्यायला कधी जायचं ते कळावं म्हणून. असो.) सातच्या सुमारास गेले, तोंड पाण्यात घातलं, बुडबुडे सोडले आणि पाय वर आले! खरंच आले. हातपाय पसरून, पालथी, मी तरंगत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

आता किनाऱ्यावरून हे दृश्य कसं दिसत असेल, ते मला नंतर कळलं. जितकं चांगलं जमेल तितकं माणूस मेल्यासारखं दिसतं.

अंबाड्याला हिसका बसला. डोळे उघडते तर कासोटा घातलेली, सत्तरीची एक मासेवाली.

"सोडा मला!"

"तुका सोडूक धरलंय काय? घोवाबरोबर भांडान इलंस?"

"नाही हो."

"मगे सासू?"

"सासू नाही आता."

"मगे कर्ज झाला?"

"मावशी, मी पोहायला शिकतेय!"

तिने मला किनाऱ्यावर बसवलं, आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. पदराला बांगड्यांचा वास. मग शांतपणे म्हणाली, "शिकतस? ह्या वयात? कित्याक?"

"स्पर्धा आहे."

"बक्षीस किती?"

"ते... माहीत नाही."

"म्हणजे फुकट." थोडा विचार करून, "माज्या घोवाक पोवाक येना नाय. पन्नास वर्सां होडयेत बसता."

"येत नाही? मग होडी उलटली तर?"

"उलटूक कित्याक होयी? होडी कित्याक असा मगे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तोवर पर्यटक जमले होते. एकाने मोबाइल काढला. माझा शिक्षक आकाशाकडे बघत होता.

आरती साहा 1959 च्या ऑगस्टात इंग्लिश खाडीत उतरली, किनारा जवळ आलेला असताना उलट्या प्रवाहापुढे तिला थांबावं लागलं. सप्टेंबरात पुन्हा उतरली आणि पार केली. आशियातली पहिली बाई. त्या पोहण्यात एक नियम फार कडक असतो: वाटेत कुणी हात लावला की पोहणारा बाद. मला हा नियम चिवल्याला हवाय. धक्क्यावरून दिवसभर पोरं उलट्यासुलट्या उड्या मारतात, त्यांचा अंबाडा कुणी धरत नाही. बाई पाण्यात गेली, म्हणजे एक तर नवस, नाही तर नवरा. तिला नुसतंच पोहायचं असेल, ही शक्यता कुणाच्या यादीतच नाही. मी पाय वर ठेवले, याचं कौतुक त्या अख्ख्या किनाऱ्यावर एकानेही केलं नाही. वाचले म्हणून मात्र सगळ्यांनी केलं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली. शेजारच्या वहिनी देवाला ठेवायला नारळ घेऊन आल्या. चुलत नणंदेचा कुडाळहून फोन, "काय असेल ते मनात ठेवू नको गं." मनात पाय वर ठेवायचं तंत्र होतं, ते तिला सांगून उपयोग नव्हता.

आमचे हे दुपारी बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतले. "आपलं काही भांडण झालंय का?" त्यांनी जपून विचारलं.

"नाही. का?"

"ती मासेवाली बांगडे देईना. म्हणते, आदी बायलेक नीट ठेव, मगे बांगडे."

काल मीच गेले. मला दिले, वर दोन जास्तीचे घातले, आणि हळूच विचारलं, "मारता काय गो?"