डेव्हिडच्या नाकापाशी

खरा डेव्हिड, म्हणजे मायकेलअँजेलोचा संगमरवरी पुतळा, आमच्या स्टुडिओपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी मात्र गेले अकरा आठवडे त्याच्या प्लॅस्टरच्या नाकासमोर उभी आहे. नुसतं नाक. वर भुवयांच्या मधली जागा थोडीशी, आणि खाली ओठ सुरू व्हायच्या आत साचा कापलेला. माझ्या घरमालकीणबाई जन्मापासून इथल्याच, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "संगमरवराच्या गावात येऊन प्लॅस्टर?"

मला त्यांना उत्तर देता आलं नाही. तेच उत्तर आता मुंबईतल्या माझ्या वर्गमित्रांना द्यायचं आहे, कारण आमच्यात गेले काही दिवस जुनाच वाद पुन्हा पेटलाय. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला अँटिक, म्हणजे पुतळ्यांवरून रेखाटन, ठेवावं की काढून टाकावं? एक बाजू म्हणते, गोऱ्यांची नाकं किती पिढ्या गिरवायची, हा ब्रिटिशांनी गळ्यात मारलेला अभ्यास आहे. दुसरी म्हणते, हात बसल्याशिवाय चित्रकला नाही, बघा, युरोपात अजून कसं शिकवतात. आणि पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं जातं.

तर पुराव्याची जबानी ऐका.

इथली पद्धत 'साइट-साइझ'. पुतळा आणि कागद शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. तुम्ही दोन-अडीच मीटर मागे. पावलं कुठे ठेवायची त्याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या. तिथून दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या दिसतात. हातात ओळंबा, गवंड्याकडे असतो तसाच, फक्त दोरा बारीक. मागे उभं राहून बघायचं, चूक कुठे आहे ते ठरवायचं, ते डोक्यात धरून पुढे जायचं, कोळशाची एक खूण करायची आणि परत मागे. पुतळ्याकडे बघत काढायचं नाही. लक्षात ठेवून काढायचं. दिवसाला किती फेऱ्या होतात मोजल्या नाहीत, पण जोड्याच्या टाचा झिजल्यात. उजेड उत्तरेच्या खिडकीचा, कारण त्यात ऊन येत नाही आणि सावली दिवसभर फारशी हलत नाही. हिवाळ्यात दुपारी चारनंतर तोही पुरत नाही, आणि काम थांबतं.

पहिल्या आठवड्यात मी दोन दिवसांत नाक संपवलं होतं. चांगलं होतं, खरंच. सावलीत माझे ते तिरके फटकारे होते, ज्यांच्यावर मुंबईत माझं नाव झालं होतं. शिक्षकांनी फटकाऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. दोरा धरला, डावी नाकपुडी कोळशाच्या जाडीएवढी बाहेर गेल्याचं दाखवलं आणि पुढच्या मुलीकडे गेले. ती जाडी आत घ्यायला मला तीन दिवस लागले, कारण ती आत घेतल्यावर बाकीचं सगळं चुकीचं ठरलं. फटकारे पुसावे लागले. तेव्हा कळलं की ते सावली दाखवायला नव्हतेच. मला नीट न दिसलेली जागा झाकायला होते.

हे वाचून दुसरी बाजू खूश होईल. थोडं थांबा. तुम्हाला वाटतं इथे ही परंपरा सोळाव्या शतकातल्या चित्रकार व्हासारीपासून, 1563 मध्ये फ्लोरेन्सला कलेची अकादमी निघाली तेव्हापासून, अखंड चालत आलीय. तसं नाही. विसाव्या शतकात युरोपातल्या कितीतरी कलाशाळांनी प्लॅस्टरचे पुतळे अडगळीत टाकले, काहींनी फोडले. फ्लोरेन्समध्ये हे शिक्षण एखाददुसऱ्या वयस्क शिक्षकाच्या घरी कसंबसं तगून होतं. आज इथे दिसणारे हे स्टुडिओ बरेचसे अमेरिकनांनी गेल्या चाळीसेक वर्षांत उभे केलेले. आमच्या वर्गात इटालियन मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि शिकवणं इंग्रजीत. पहिली पायरी असते ती शार्ल बार्गच्या पाट्यांची: 1866 ते 1871 मध्ये पॅरिसला निघालेल्या जवळजवळ दोनशे शिळाछापांची. व्हॅन गॉगनेही त्याच पाट्या गिरवल्या होत्या. तुटलेला धागा छापील चित्रांवरून पुन्हा विणून काढलाय, असं म्हणा. चांगला विणलाय, पण विणलेला आहे.

उलट आपल्याकडे हा धागा तुटलाच नव्हता. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा, म्हणजे आमची जेजे, 1857 ची. तिथले इंग्रज शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. वर्गात ग्रीक पुतळे मोजणारी तीच मुलं लेण्यांत भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व मोजत होती. शिल्पकार म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली ती 1896 च्या सुमारास, विद्यार्थी असताना, आणि ती नऊवारीतली मुलगी कुणालाही गोरी वाटलेली नाही. चित्रकार धुरंधर तिथेच शिकले आणि पुढे आयुष्यभर तिथेच शिकवत राहिले. चित्रकार हळदणकरांनी 1908 मध्ये स्वतःचा वर्ग काढला. शाळाशाळांतून एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, खेड्यातल्या पोरालाही वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे शब्द माहीत आहेत. (इथल्या एका मैत्रिणीला मी सांगितलं की आमच्याकडे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेचे गुण दहावीच्या निकालात मिळतात. तिला मी थापा मारतेय असं वाटलं.)

मग ही गोष्ट परकी कशी? कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत. त्यांत दुसरं 'प्रमाण' आहे आणि पाचवं 'सादृश्य'. ओळंबा इंग्रजांनी आणला नाही. आणि हा वादही काही नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यातल्या कलाशाळेचे इंग्रज प्राचार्य हॅवेल यांनी युरोपीय नमुने हटवले, तेव्हा विरोध करायला उठले ते तिथलेच विद्यार्थी.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती दोन्ही बाजूंवर आहे. आपण धागा राखला पण वेळ राखला नाही. आमच्या कॉलेजात एका पुतळ्याला दोन तास मिळायचे. घंटा झाली की कागद जमा. खोलीत ट्यूबलाइट चार बाजूंनी, म्हणजे पुतळ्यावर सावलीच नाही. सावलीच नसेल तर शिकायचं काय? मग हात चलाख होतो. दोन तासांत 'इफेक्ट' आणायला शिकतो. व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांची आपली परंपरा मला मनापासून आवडते. भरलेल्या सभागृहात, दोन-अडीच तासांत समोरचा माणूस कॅनव्हासवर उतरवणारे आपले चित्रकार बघितले तर इथली मंडळी तोंडात बोटं घालतील. पण त्यांतल्या जुन्या लोकांच्या वेगामागे हजारो तासांचं सावकाश बघणं होतं. आम्ही वेग तेवढा उचलला.

इथेही सगळं सोन्याचं नाही. आमच्या स्टुडिओत काळ 1880 च्या आसपास थांबलाय. भिंतीवर लावलेली वीस रेखाटनं वीस जणांची आहेत हे खालची नावं वाचूनच कळतं. काय काढायचं हे कुणी विचारत नाही. कसं काढायचं यातच तीन वर्षं जातात. एकदा मी अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंड्यांचं चित्र फोनवर दाखवलं. हा माणूस आमच्याच जेजेचा, 1948 चा डिप्लोमा. शिक्षक म्हणाले, "यात ड्रॉइंग कुठेय?" मला खूप बोलायचं होतं. रंगाचा एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवायला जी नजर लागते, तीच नाकपुडीची कड ठरवायला लागते, असं काहीतरी. इंग्रजीत जमलं नाही. मराठीतही जमलं असतं का, कोण जाणे. मुंबईत तो प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरानेही विचारला नसता, एवढं मात्र खरं.

म्हणून वर्गमित्रांना मी कळवलं: अँटिक ठेवा की काढा, पण ठेवणार असाल तर एक खिडकी उत्तरेकडे उघडा, बाकीचे दिवे बंद करा, आणि एका पुतळ्याला निदान महिना द्या. ग्रीक नको असेल तर आपल्या लेण्यांतल्या एखाद्या मूर्तीचा साचा लावा, मला काही फरक पडत नाही. दोन्ही बाजूंनी यावर मौन पाळलं. एकाने तेवढं लिहिलं, की डिसेंबरात येशील तेव्हा कॉलेजात पोर्ट्रेटचं प्रात्यक्षिक ठेवूया, तिकडचं बघायला पोरं उत्सुक आहेत, दोन तास पुरतील ना?

मी म्हटलं, मॉडेल साठ तास बसेल का ते आधी विचारून घे. त्याला विनोद वाटला. उद्या सकाळी उजेड आला की मला वरच्या ओठाकडची कड पुन्हा बघायचीय. ती अजून किंचित खाली आहे.