बेंबीतलं तेल आणि 72,000 नसा

‘रोज रात्री बेंबीत तीन थेंब तेल सोडा. बेंबीमागे 72,000 नसांची गाठ असते. कोणती नस कोरडी पडलीय ते बेंबी ओळखते आणि तेल तिथंवर पोचवते. नजर सुधारते, पायाच्या मुंग्या जातात.’ हा मेसेज सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या घरीही वडिलांच्या उशाशी करडईच्या तेलाची वाटी असायची. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

घोळ ‘नस’ या शब्दातच आहे. रक्त काढताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात ती शीर, रक्ताची पोकळ नळी. ‘कमरेची नस दबली’ म्हणतो ती मज्जातंतूंची जुडी. तेल वाहून न्यायला तिच्यात पोकळी नसते.

बेंबीमागे गाठ? गर्भात असताना नाळेतून तीन रक्तवाहिन्या जातात, हे खरं. जन्मानंतर त्या बंद होतात आणि त्यांचे नुसते पट्टे उरतात. 72,000 हा आकडा योगग्रंथांतल्या नाड्यांचा. त्या नाड्या म्हणजे शरीर फाडून मोजलेले मज्जातंतू नव्हेत. एका डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतच सुमारे दहा लाख तंतू असतात, आणि ती नस पोटात उतरतच नाही.

आता ‘कोरडी नस’. नसेतले तंतू ज्या पेशींचे असतात त्या चेतापेशी. चेतापेशीला एक मुख्य अंग असतं, त्याला निरोप घेणाऱ्या फांद्या असतात आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू. कमरेपाशी मुख्य अंग असलेल्या पेशीचा तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. म्हणजे जवळजवळ एक मीटर लांबीची एकच पेशी! यंत्रमागावर सूत हाताळत मोठा झालेल्या मला हे पहिल्यांदा वाचल्यावर किती वेळ खरंच वाटेना. निरोप जातो तो विजेच्या रूपात: तंतूच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात, लगेच पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि ही लाट पुढे सरकते. टोकाला पुढच्या पेशीआधी बारीकशी फट असते. ती ओलांडायला रसायन सोडलं जातं.

जाड तंतूंवर मायलिन नावाच्या आवरणाचे वेढे असतात, मध्ये मध्ये उघड्या जागा सोडून. लाट या जागांवरून उड्या मारत जाते, सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. उघड्या बारीक तंतूंत वेग जेमतेम एक मीटर. ठेच लागल्यावर आधी दणका कळतो आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच. मायलिनमध्ये चरबी भरपूर असते, हे मेसेजवाल्यांना आवडेल. पण ते वेढे शेजारच्या पेशी स्वतः घडवतात. कातडीवर टाकलेलं तेल तिथे जाऊन बसत नाही. तळव्यांना तेल चोळा, कातडी मऊ राहील. तेवढंच.

मुंग्यांचा दावा सगळ्यात घातक. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या पाय मोकळा केला की जातात. दोन्ही पायांच्या बोटांना रोज येत असतील तर साखर आणि बी-12 जीवनसत्त्व तपासायला हवं. मधुमेहात बहुधा सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायांपासून. बी-12 कमी पडलं की मायलिनच खराब होतं. आणि काही उपचार न होता मुंग्या थांबल्या, तर कधी कधी त्याचा अर्थ तंतू बरा झाला असा नसतो. त्याने निरोप देणंच सोडलेलं असतं.

आमचे वडील म्हणाले होते, ‘मुंग्या गेल्या बघ, तेल लागू पडलं.’ त्याच वैशाखात ते भर दुपारी सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी चालले. दोन्ही तळव्यांना फोड आले आणि त्यांना पत्ताच नव्हता. रात्री चादरीवरचे ओले डाग आईला दिसले. दुसऱ्या दिवशी तपासली तेव्हा साखर तीनशेच्या पुढे होती.