पडझडीचे फोटो काढायचे की नाही?

मित्राने राजगडाच्या तटातून निखळलेल्या दगडांचा फोटो टाकला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. २०२५ मध्ये जिंजी धरून आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आता असली पडझड दाखवून बदनामी कशाला, असा एकूण सूर. एकाने ड्रोनने काढलेला, रंग चढवलेला फोटो लावून बजावलं, 'किल्ले असे दाखवा.' त्यातलं गवत इतकं हिरवं, की गायसुद्धा बिचकली असती.

मी इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये राहतो. व्हिटबीचा मठ गाडीने तासाभरावर. १५३९ मध्ये इथल्या राजाने, आठव्या हेन्रीने, तो बंद पाडला, १८३० मध्ये मधला मनोरा कोसळला, १९१४च्या डिसेंबरात जर्मन युद्धनौकांच्या गोळ्यांनी पश्चिम बाजू फुटली. कुणी लाजत नाही. उलट बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, तिथे ट्रायपॉड टेकायला जागा मिळत नाही. खाऱ्या वाऱ्याने तिथला वालुकाश्म पोखरलाय. दुपारी दगड सपाट, मख्ख. संध्याकाळी तिरपं ऊन आलं की छिद्रान् छिद्र सावलीने भरतं.

इथलेही काही मोठे शहाणे नाहीत म्हणा. विसाव्या शतकात यांनीही जुन्या भिंतींच्या सांध्यांत सिमेंट भरलं, ओल आत कोंडली, दगडांचे पापुद्रे सुटले. आता तेच सिमेंट खरवडून चुना भरतायत. आपणही तेच करून बघणार का? पिंपळाचं मूळ कुठल्या सांध्यात शिरलं, पाच वर्षांत दगड किती सरकला, हे तो हिरवागार फोटो सांगत नाही. एकाच जागेवरून, एकाच लेन्सने काढलेले दोन साधे फोटो सांगतात.

धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तिकडे बसून बोलायला काय जातंय?" राग आला, कारण बरोबर होतं. व्हिटबीच्या भग्न कमानींपुढे मी निवांत असतो. तिथे माझं काहीच पडलेलं नाही. रायगडावर तसं होत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा जळाला, जोती उरली. त्यांच्यावर कॅमेरा रोखला की हात आपोआप मेघडंबरीकडे वळतो, आणि ती तर आपल्याच काळात बांधलेली. तोफा ज्यांच्या, त्यांच्याच देशात मी कर भरतो आणि भग्नावशेष बघायलाही त्यांच्याकडेच शिकलो. हे भावाला अजून सांगितलेलं नाही.