महासंघ मोडून खेळाडूंचं भलं होणार नाही

पुण्यातल्या खेळाडूंच्या पालकांच्या आणि ट्रेकर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : खेळांचे राष्ट्रीय महासंघ म्हणजे पुढाऱ्यांच्या खुर्च्या. पदकं खेळाडू स्वतःच्या जिवावर आणतात. महासंघ बरखास्त करून सरकारने कारभार हातात घ्यावा, बाकीचं लीग आणि प्रायोजक बघून घेतील. आणि डोंगरात जायला दिल्लीतली संस्था हवीच कशाला?

यामागचा संताप खरा आहे. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंना आपल्याच महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध जंतरमंतरवर धरणं धरावं लागलं, ते विसरण्यासारखं नाही. पण त्यावर सांगितलेला उपाय अमलात आला, तर पहिला फटका बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या मुलामुलींनाच बसेल.

‘पदकं खेळाडू स्वतःच्या जिवावर आणतात.’ मेहनत त्यांचीच, यात वाद नाही. पण स्वप्नील कुसाळेचं उदाहरण बघा. कोल्हापूर जिल्ह्यातला हा नेमबाज, पुण्यात रेल्वेत नोकरी, बालेवाडीत सराव. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन त्याने ऑलिंपिक कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली एक जागा, मिळवला. नेमबाजीत हा कोटा देशाचा असतो, नेमबाजाचा नाही. त्यामुळे पॅरिसला कोण जाणार हे राष्ट्रीय रायफल संघटनेने २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळला घेतलेल्या निवड चाचण्यांत ठरलं. बाकूच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि कोटा दोन्ही मिळवलेला अखिल शेओरान त्या चाचण्यांत मागे पडला आणि त्याची संधी हुकली. स्वप्नील गेला आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण करून कांस्य घेऊन आला. अखिलच्या बाजूने बघितलं तर हे कठोर वाटतं, मलाही वाटतं. पण नियम आधी जाहीर होते, गुण सगळ्यांसमोर होते. ही चाचणी कुणीतरी घ्यावी लागते, तिचा निकाल जगाने मानावा लागतो. क्लब, प्रशिक्षक किंवा प्रायोजक कितीही चांगला असला, तरी त्याने दिलेलं निवडपत्र ऑलिंपिकमध्ये चालत नाही.

‘बरखास्त करा, सरकार चालवेल.’ हा प्रयोग आपण केलेला आहे. फुटबॉल महासंघाचे पदाधिकारी मुदत उलटूनही खुर्ची सोडत नव्हते, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. हेतू चांगला होता. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, ‘बाहेरचा हस्तक्षेप’ म्हणून भारतालाच निलंबित केलं. त्याच वेळी गोकुलम केरळ या क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. विमानातून उतरल्यावर मुलींना कळलं, की आता आपल्याला खेळता येणार नाही. त्यांनी थेट पंतप्रधानांना साकडं घातलं, तरी एकही सामना न खेळता त्या परत आल्या. महासंघाची घटना, म्हणजे नियमावली, कुणी वाचली होती, मुदत कुणाची उलटली होती, याच्याशी या मुलींचा काय संबंध? न्यायालयाने समिती मागे घेतली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं, म्हणून ऑक्टोबरमधला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होऊ शकला आणि त्याची अंतिम लढत नवी मुंबईत झाली.

कबड्डीत याहून वाईट झालं. २०१८ पासून महासंघावर दिल्ली उच्च न्यायालयाचा प्रशासक होता. निवडून आलेली समिती नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्याला दाराबाहेर उभं केलं. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की निवडून आलेल्यांकडे कारभार द्या, म्हणजे संघ आशियाई अजिंक्यपद स्पर्धेसाठी इराणला जाऊ शकेल. कबड्डी आपल्या मातीतली, तिची ही अवस्था!

‘लीग आणि प्रायोजक पुरेसे आहेत.’ पुणेरी पलटणने २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली तेव्हा आपण सगळेच नाचलो. पण लीग तयार खेळाडू घेते. किशोरी गटाची जिल्हा निवड चाचणी कुठलीच लीग घेत नाही, कारण तिची तिकिटं खपत नाहीत.

‘डोंगरात महासंघाचं काय काम?’ राजगड-तोरण्याला जायला दिल्लीची परवानगी लागत नाही, आणि लागूही नये. पण तेलबैलाच्या कातळावर चढणाऱ्याने आपला कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, हातात घेऊन बघावा. त्यावर केएन अक्षरांसोबत कोरलेले आकडे असतात. लांबीच्या दिशेने, गेट (कडीचं उघडझाप होणारं तोंड) बंद असताना, किमान २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन ताण त्याने सोसायला हवा. आडव्या ताणाला किंवा गेट उघडं असताना किमान मर्यादा सातवर येते. असे निकष १९६० पासून यूआयएए ठरवत आली आहे, आणि यूआयएए हा वेगवेगळ्या देशांच्या गिर्यारोहण संस्थांचाच संघ आहे. भारतातर्फे त्यात इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन आहे. १९५८ च्या चो ओयू मोहिमेच्या वेळच्या समितीतून उभी राहिलेली हीच संस्था परदेशी मोहिमांना भारतीय शिखरांची परवानगी देते, आणि स्पोर्ट क्लाइंबिंगच्या राष्ट्रीय स्पर्धाही तीच घेते. भिंतीवर सराव करणाऱ्या पुण्यातल्या मुलीला भारताच्या संघात जायचं असेल, तर तिचा रस्ता तिथूनच जातो.

‘महासंघ कधीच सुधारणार नाहीत.’ २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू. मान्यता देणारं आणि काढून घेणारं राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवायला न्यायाधिकरण. कागदावरचं हे सगळं आपोआप मैदानात उतरणार नाही, पण विचारायला आता आधार आहे. तेव्हा बरखास्तीची मागणी पुढे पाठवण्याऐवजी आपल्या मुलांच्या खेळाच्या संघटनेला विचारा : शेवटची निवडणूक कधी झाली? हिशेब कुठे बघायला मिळतील? निवड चाचणीचे निकष आधी जाहीर का होत नाहीत, आणि गुण त्याच संध्याकाळी फलकावर का लागत नाहीत?