गांडुळांना घालायला कचराच नाही

शहरातल्या लोकांचा प्रॉब्लेम असा की ओला कचरा ढीगभर आणि त्याचं करायचं काय ते कळत नाही. आमचं नेमकं उलटं. दापोलीकडच्या गावात राहणाऱ्या माणसाने हौसेने गांडूळखताचा टब आणला की लगेच लक्षात येतं, आपल्या घरात कचरा असा नाहीच, आहेत ते सगळे त्याचे हक्कदार.

म्हणजे बघा, भाजीची देठं आणि फणसाची चारखंडं शेजारच्या काकूंच्या गाईची, उरलेली पेज पण तिचीच, माशांची डोकी मांजराची, मासे धुतलेलं पाणी माडाला, शिळा भात कोंबड्यांना, नारळाची सोडणं-करवंट्या पाण्याच्या चुलीत आणि त्या चुलीतली राख परत भांडी घासायला. रतांब्याच्या बिया तरी मिळतील म्हटलं तर त्या मुठेल म्हणजे कोकमाचं तेल काढायला आधीच वाळत घातलेल्या! आईचं म्हणणं एकच, ही सगळी जुनी मंडळी आहेत, तुझी गांडुळं मागाहून आली, त्यांनी रांगेत थांबावं.

बरं, जे उरतं ते यांना चालत नाही. किलोभर आणली होती, आयसेनिया फेटिडा नावाची, किलोत साधारण हजारभर बसतात. आपल्या शेतातली खोल जाणारी गांडुळं वेगळी, ही वरच्या कुजक्या थरातच राहणारी, लालसर, बारीक. रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खातात म्हणजे अर्धा किलो, आणि वर पथ्य केवढं! लिंबू नको, कांदा-लसूण नको, तेल-तिखट-मीठ नको, मासळी तर अजिबात नको, वास सुटतो आणि घुशी येतात. आता कोकणातल्या स्वैपाकघरातून आंबट, तिखट, खारट आणि मासे वजा करा आणि काय राहतं ते मला सांगा. केळ्याची साल राहते. तीसुद्धा गाईने बघितली नसेल तर.

मग मी पिशवी घेऊन वाडीत फिरायला लागलो. "काकू, दुधीची सालं आहेत का?" असं दारात उभं राहून विचारणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते बघायला तरी एकदा हे करावं. एका काकूंनी सालं दिली नाहीत, आत बोलावून चहा-पोहे दिले आणि "घरी सगळं ठीक आहे ना रे?" असं हळूच विचारलं.

पावसाळ्यात तर हाल. गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे टब कोरडा पडून चालत नाही आणि पाणी साचूनही चालत नाही, आणि इथे जून ते सप्टेंबर हवाच पिळून काढण्यासारखी ओली. टबात पाणी झालं की सगळी कडेने वर चढून निघाली. उजेड त्यांना नको असतो म्हणून वर रात्रभर बल्ब लावला, तर लाइट गेली. मग आई पडवीत बॅटरी धरून बसली, आणि वीजबिलावरून मला जे ऐकवते ते सगळं त्या दिवशी गांडुळांना ऐकवलं.

पण हळूहळू तीच त्यांच्या बाजूला गेली. आता बाजारात भाजी घेताना साल किती निघेल ते बघते. गणपतीत शिळी फुलं, दूर्वा, केळीची पानं अशी चंगळ होती, गाईला पानं देऊनही भरपूर उरलं. एकच काळजी, रात्री भजन, मृदंग, झांजा, यांना त्रास होईल का? म्हटलं गांडुळांना कान नसतात, डार्विनने त्यांच्यासमोर पियानो वाजवला, मुलाकडून बासून नावाचा पिपाणीसारखा बाजा वाजवून घेतला, ती ढिम्म हलली नाहीत. फक्त कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा हादऱ्याने बिळात पळाली.

आईने एवढंच धरलं. "म्हणजे हादरा कळतो ना? मग उद्या जाखडी नाचवाले यायच्या आत टब माजघरात ने, अंगणात पाय आपटायला लागले की पडवीतली भांडी वाजतात."

माजघरात पाहुणे झोपणार होते. पाहुण्यांना पडवीत गाद्या घातल्या.