रझांच्या प्रवासातून नागपूर का गाळले?
परदेशस्थ दक्षिण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनांवरील एका लेखात चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून थेट १९५० साली पॅरिसला पोहोचतात, हे आम्हा नागपूरकरांना खटकले. १९३९ ते १९४३ या काळात चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी प्रथम नागपुरात घेतले, जे. जे. त्यानंतरचे. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढूनही ज्यांनी अखेरची विश्रांती मध्य प्रदेशातील मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी घेतली, त्यांना केवळ ‘पॅरिसचे चित्रकार’ म्हणणे अपुरेच आहे.

एका प्रदर्शनात त्यांच्या काळ्याभोर बिंदूच्या चित्राशेजारच्या पाटीवरही नागपूरचा उल्लेख नव्हता. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला मी, काहीशा आगाऊपणेच, ही हकिकत सांगितली आणि तिने ती वहीत टिपून घेतली.