भांगातला चुना

मुलुंडला चढलेल्या आजींना मी उठून जागा द्यायला हवी होती, हे मान्य. पण डोंबिवलीच्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळणं म्हणजे काय, हे मिळालेल्यालाच ठाऊक. मी मोबाईलमध्ये मान घातली. शिक्षा लगेच झाली.

केस रंगवून पाच आठवडे उलटले होते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात म्हणे. माझ्या काळ्यांना घाई नसते, पांढऱ्यांना फार. पार्लरवालीने लग्नसराईचं कारण सांगून आणखी दहा दिवसांनंतरची तारीख दिली होती. मागे एकदा अशाच अडचणीत मेंदी लावली, तर पांढऱ्यांचे भगवे झाले आणि पक्षात कधी गेलीस म्हणून विचारणा झाली. तेव्हा या वेळी भांग आधी बदलला, मग नागमोडी पाडला आणि शेवटी काजळाची पेन्सिल घेऊन दोन्ही बाजूंनी गिरवला. पेन्सिलीच्या खोक्यावर लिहिलं होतं, १२ तास टिकतं.

"कुठे उतरणार?" आजींनी विचारलं.

"घाटकोपर."

जागा नक्की झाली. आता घाटकोपर येईपर्यंत आजींना माझ्या टाळूशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं.

नाहूर गेलं. "अगं, डोक्याला चुना लागलाय तुझ्या. घरी रंगकाम काढलंय का?"

"नाही हो आजी. असू दे."

"असू दे काय? ऑफिसला अशी जाणार?" त्यांनी कमरेचा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला, लहानपणी आई धरायची तशी माझी हनुवटी धरली आणि भांग खसाखसा पुसायला घेतला.

भांडुपला किंचाळल्या, "अगंबाई, हे तर काळं निघतंय! आणि पुसावं तितका चुना वाढतोय!"

खिडकीशी गवार निवडणारी बाई निवडायची थांबली. "आजी, चुना नाही तो. केस आहेत त्यांचे."

आजींनी वाकून नीट पाहिलं. "अरे देवा. सगळे?"

सगळे नाहीत! पुढचेच आहेत. हे मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहितेय.

आजींचं स्वतःचं डोकं पिंजलेल्या कापसासारखं, वर अबोलीचा गजरा. छान दिसत होत्या, हेही लिहून टाकते. "मग काळं कशाला फासतेस?" त्यांनी विचारलं. अख्खा डबा उत्तरासाठी थांबला.

काय सांगणार? आमच्या यांचे कल्ले पांढरे झाले तेव्हा सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. माझे चार दिसले, तर त्याच सोसायटीतल्या दोघींनी जिन्यात अडवून, आवाज खाली आणून, "बरं नाहीये का?" म्हणून विचारलं. यांच्या कल्ल्यांचा खर्च शून्य. मी दर महिन्याला दोन-अडीच तास त्या वासात डोळे चोळत बसते, पैसे मोजते, आणि वर पार्लरवाली म्हणते, "मॅडम, या वेळी फार उशीर केलात." अगं, तारीख कोणी दिली नाही?

घाटकोपरला उठले. आजींनी बसता बसता काळाकुट्ट रुमाल माझ्या हातात कोंबला. "धुऊन आण. मी रोज याच गाडीला असते."

साबण झाला, लिंबू झालं, सोडा झाला. खोक्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं. रुमालावर काजळाचा आज सहावा दिवस आहे. मी सध्या दहा मिनिटं आधीची गाडी पकडते.